नभोवाणीवरील वृत्तकथन : आवेग आणि साक्ष

नभोवाणीवरील वृत्ताला चित्राचा आधार नसतो. श्रोत्याने पाहावयाचे ते निवेदकाच्या शब्दांतून आणि स्वरांतूनच. ह्या माध्यमातील कथनाचे सामर्थ्य पुष्कळदा स्वरातील आवेगात शोधले जाते. ते मत कितपत ग्राह्य आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज पेटून कोसळले. शिकागोच्या एका केंद्राचा निवेदक हर्बर्ट मॉरिसन त्याच्या आगमनाचे वर्णन तबकड्यांवर मुद्रित करीत होता. तो दाटलेला कंठ दुसऱ्या दिवशी श्रोत्यांनी ऐकला. त्याचा आवेग निःसंशय अस्सल होता. परंतु ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या आक्रमणाची श्रुतिका बातमीपत्राच्या रूपात सादर केली, तेव्हा वार्ताहराची भूमिका करणाऱ्या नटाने मॉरिसनचेच मुद्रण अभ्यासले होते. त्या रात्रीच्या घबराटीचे प्रमाण वृत्तपत्रांनी फुगविले, हे खरे. तथापि काही श्रोते फसले, हेही खरेच. आवेगाची नक्कल होऊ शकते; म्हणून तो सत्याचा पुरावा नव्हे.

ही श्रुतिका ज्या सी. बी. एस. संस्थेने प्रसारित केली, तिचाच वार्ताहर एडवर्ड मरो ह्याचा मार्ग निराळा होता. २४ ऑगस्ट १९४० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असताना त्याने ध्वनिक्षेपक फरसबंदीलगत धरला. आश्रयस्थानाकडे जाणाऱ्या माणसांची न धावणारी पावले श्रोत्यांना ऐकू आली. शहराच्या धैर्याविषयी वेगळे भाष्य करण्याची गरज उरली नाही.

पावलांचा आवाजही कलागृहात निर्माण करता येतो, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. म्हणूनच मरोचे खरे वैशिष्ट्य ध्वनीच्या निवडीपुरते मर्यादित नाही. आपण कोठे उभे आहोत आणि आपणांस किती दिसते, हे तो सांगतो. १५ एप्रिल १९४५ च्या बुखेनवाल्ड छळछावणीवरील निवेदनात तर, पाहिले त्यातील काही भागच सांगितला, उरलेल्यासाठी शब्द नाहीत, अशी कबुली तो देतो. अशी कबुली देणारा निवेदक आपल्या कथनाचे उत्तरदायित्व स्वीकारतो. आवेग श्रोत्याला हेलावून सोडतो, साक्ष त्याचा विश्वास मागते. आणि वृत्तकथनाचे मोल ह्या दुसऱ्या गोष्टीवरूनच ठरविले पाहिजे.