स्फटिकदोष आणि प्रकाश-उत्प्रेरण : एका प्रचलित विधानाची चिकित्सा

धातूंच्या ऑक्साइडांच्या नॅनोकणांवर गेल्या दोन दशकांत जे विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात एक विधान वारंवार आढळते : स्फटिकातील ऑक्सिजनच्या रिक्त जागा वाढविल्या की प्रकाश-उत्प्रेरणाची क्षमता वाढते. हे विधान सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ज्या पुराव्यावर ते उभे केले जाते तो पुरावा पुष्कळदा त्याचा भार पेलत नाही. कर्जत-खालापूरच्या परिसरात या प्रश्नाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. घाट उतरून खोपोलीवरून येणारी पाताळगंगा रसायनीच्या औद्योगिक पट्ट्यातून धरमतरच्या खाडीकडे जाते. उल्हास नदी कर्जतवरून पुढे वाहते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये सूर्यप्रकाशाने नष्ट करता येतील, असे आश्वासन प्रबंधांच्या प्रस्तावनांत दिले जाते, तेव्हा ते अशाच नद्यांच्या काठी खरे वा खोटे ठरावयाचे असते.

प्रथम क्रियेचे स्वरूप लक्षात घेणे इष्ट होय. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अॅनाटेज रूपात ऊर्जापट्ट्यांतील अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्यामुळे सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाशच तेथे इलेक्ट्रॉन व विवर यांची जोडी निर्माण करू शकतो. भूपृष्ठावर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अशा किरणांचा वाटा अवघा चार-पाच टक्के. ही जोडी विलग होऊन पृष्ठभागी पोचली तर विक्रिया घडते. वाटेत पुन्हा एकत्र आली तर शोषलेली ऊर्जा वाया जाते. ऑक्सिजनची रिक्ती या दोन्ही टप्प्यांत हस्तक्षेप करते. ती पट्ट्यांमधील अंतरात नवे ऊर्जास्तर निर्माण करून दृश्य प्रकाशाचे शोषण वाढविते. पृष्ठभागी असल्यास ऑक्सिजनच्या रेणूला आश्रय देऊन इलेक्ट्रॉन त्याच्या स्वाधीन करते. परंतु तीच रिक्ती कणाच्या अंतर्भागी असेल, तर तेथे अडकलेला इलेक्ट्रॉन विवराशी पुन्हा संयोग पावण्याचाच संभव अधिक. म्हणजे दोष किती आहेत यापेक्षा ते कोठे आहेत, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

या विषयातील गाजलेले उदाहरण काळ्या टायटॅनियाचे. २०११ साली चेन व सहकाऱ्यांनी पांढऱ्या नॅनोकणांवर २० बार दाबाखाली, सुमारे २००° सेल्सिअस तापमानास, पाच दिवस हायड्रोजनची प्रक्रिया केली व काळा पदार्थ मिळविला. त्याच्या सक्रियतेचे श्रेय त्यांनी पृष्ठभागालगतच्या अव्यवस्थित थरास दिले. मात्र हायड्रोजनच्या निर्मितीचे त्यांचे मापन प्लॅटिनमची जोड देऊन व मिथेनॉलमिश्रित पाण्यात केलेले होते, ही गोष्ट नंतरच्या अनुकरणकर्त्यांनी फारशी ध्यानात घेतली नाही. त्याच वर्षी कोंग व सहकाऱ्यांनी अंतर्भागातील दोषांचे पृष्ठभागीच्या दोषांशी असलेले प्रमाण घटविल्यास कार्यक्षमता वाढते, असे दाखविले. पुढे २०१३ साली लेशुक व सहकाऱ्यांना उच्च तापमानास हायड्रोजनित केलेला काळा पदार्थ मूळ पांढऱ्यापेक्षा निकृष्ट आढळला. अंतर्भागी निर्माण झालेल्या रिक्ती हे त्याचे कारण त्यांनी दिले. हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी भासतात. दोषांचे स्थान विचारात घेतले की त्यांतील विरोध बराचसा मावळतो.

खरी उणीव आहे ती मापनपद्धतीत, आणि ती तिहेरी आहे. पहिली, दोषाच्या ओळखीची. क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटात ५३१ ते ५३२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दिसणारा ऑक्सिजनचा संकेत सर्रास ‘रिक्तीचा’ म्हणून नोंदविला जातो. परंतु जो अणू जागेवर नाही तो इलेक्ट्रॉन कोठून उत्सर्जित करणार? हा संकेत बव्हंशी पृष्ठभागीच्या हायड्रॉक्सिल गटांचा असतो, असा आक्षेप इद्रिस यांनी २०२१ साली स्पष्ट शब्दांत घेतला आहे. दुसरी उणीव सक्रियतेच्या मापनाची. मेथिलीन ब्लू हा रंग स्वतःच सुमारे ६६४ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो व उत्तेजित अवस्थेत आपला इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देऊ शकतो. तेव्हा दृश्य प्रकाशात रंग उडाला, तर ते कर्तृत्व दोषांचे की रंगाचे, हे सांगता येत नाही. या रंगाच्या योग्यतेविषयीचा प्रश्न २००६ सालीच जाहीरपणे उपस्थित झाला होता. शिवाय रंग उडणे म्हणजे कार्बनी रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण नव्हे. तिसरी उणीव तुलनेची. कण तापविले असता रिक्तींबरोबर कणांचा आकार, पृष्ठफळ व अॅनाटेज-रुटाइलचे प्रमाण हेही बदलते. मग परिणामाचे श्रेय एकट्या रिक्तीस देणे न्यायाला धरून होत नाही.

प्रत्यक्ष सांडपाण्याच्या दृष्टीने ही सदोषता अधिकच जाणवते. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत कांबळे, सावंत व पांगारकर यांनी बेंझीन-सल्फॉनिक आम्लाचे केंद्रित सूर्यप्रकाशात अपघटन करून २००३ साली ते काम प्रसिद्ध केले. त्यांनी रंगद्रव्याऐवजी कारखान्यात संभवणारे द्रव्य व दिव्याऐवजी सूर्य निवडला, यातच त्या कामाचे मोल आहे. कारखान्याच्या पाण्यात क्लोराइड, कार्बोनेट असे आयन असतात. ते पृष्ठभागीच्या जागा अडवितात अथवा हायड्रॉक्सिल मूलके गिळतात. ज्या रिक्तींवर भिस्त ठेवावयाची, त्या पाणी व ऑक्सिजन यांच्या सहवासात भरूनही निघतात. झिंक ऑक्साइड तर आम्लधर्मी पाण्यात विरघळते आणि प्रकाशात त्याची झीजही होते. शिवाय कोकणच्या पावसाळी महिन्यांत ढगाळ आकाशाखाली आधीच तोकडी असलेली या किरणांची मात्रा आणखी घटते.

यावरून प्रबंधकाराने किमान चार गोष्टी दाखविणे अगत्याचे ठरते : रिक्तींची ओळख इलेक्ट्रॉन-अनुचुंबकीय संस्पंदनासारख्या दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने, अंधारातील अधिशोषणाचे वेगळे मापन, फिनॉलसारख्या वर्णहीन द्रव्यावर चाचणी व एकूण सेंद्रिय कार्बनाची घट, आणि तोच नमुना अनेकदा वापरल्यानंतरची त्याची क्षमता. यांपैकी एकही साधन दुर्मिळ नाही. जे विभागात नसेल ते शेजारच्या संस्थेत उपलब्ध होऊ शकते. एवढे झाल्यावर जे टिकेल त्यालाच दोषांचा परिणाम म्हणावे. जो नमुना या कसोटीस उतरत नाही, त्याच्या अहवालात सांडपाणी-शुद्धीकरणाचा उल्लेख न करणेच प्रामाणिकपणाचे होईल. पाताळगंगेच्या पाण्याला केवळ रंग उडालेली काचनळी उपयोगी पडणार नाही.