स्वतःचं पुस्तक छापताना ‘नाही’ कोण म्हणणार?

मित्रहो, संयोजकांनी आजचा विषय दिला आहे, ‘पहिलं पुस्तक स्वतः कसं प्रकाशित करावं आणि लोकांपर्यंत कसं न्यावं’. विषय व्यवहाराचा आहे आणि मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर. त्यामुळे ‘कसं’कडे वळण्याआधी ‘प्रकाशित’ या शब्दापाशी थोडा थांबतो. पाच मिनिटं द्या, मग हिशोबाकडे येऊ.

छापलं म्हणजे मजकूर कागदावर आला. प्रकाशित झालं म्हणजे तो अशा माणसासमोर आला, ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. घरचे लोक, ऑफिसातले सहकारी पुस्तक वाचतात ते तुमच्यासाठी. परका माणूस वाचतो तो स्वतःसाठी, आणि कंटाळला की बाजूला ठेवतो. छापखाना आणि हा परका माणूस यांच्यामध्ये पूर्वी एक जण बसलेला असे, तो प्रकाशक. कागद, छपाई, विक्री ही त्याची कामं होतीच. पण सगळ्यात आधीचं काम होतं ‘नाही’ म्हणणं. हे प्रकरण नको, हा शेवट जमला नाही, पुस्तक अजून तयार नाही. तो स्वतःचे पैसे घालत होता, म्हणून त्याच्या नकाराला वजन होतं.

आज स्वप्रकाशनाची जी ‘पॅकेज’ विकली जातात, त्यांच्यावर माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. मी त्यांची काही पत्रकं नीट वाचली. मुखपृष्ठ, मांडणी, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री, समाजमाध्यमांवर जाहिरात, वर लेखकाला सन्मानचिन्ह. सगळं आहे, नकार तेवढा कुठे नाही. असणार कसा? पैसे भरणारा लेखकच गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाइकाला कोण सांगणार की बाबा, तुझं पुस्तक अजून कच्चं आहे? वाचक या व्यवहारात येतच नाही. एक प्रत खपली नाही तरी पॅकेजवाल्याचा धंदा झालेला असतो.

म्हणून स्वप्रकाशन हलकं, असं मी म्हणत नाही. प्रकाशक चुकीच्या कारणांसाठीही नकार देतात. नाव नवं आहे, कविता खपत नाहीत, विषय चालणार नाही. १९७६ साली अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या कवींनी मुंबईतून ‘क्लिअरिंग हाउस’ या नावाने आपले इंग्रजी संग्रह आपणच काढले. ‘जेजुरी’ त्यातलाच. कोलटकरांचं ते इंग्रजीतलं पहिलं पुस्तक, आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पण लक्षात घ्या, तिथला ‘स्व’ एकटा नव्हता. चौघेही कविता जाणणारे, आणि कोलटकर तर जाहिरात क्षेत्रातले कसलेले कलादिग्दर्शक. पुस्तक दिसावं कसं, हे त्यांना कोणाकडून विकत घ्यायचं नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आधी आपली पाटी दाखवावी. निवृत्तीनंतर मी एक पुस्तक स्वखर्चाने छापलं. संपादनाचे पैसे वाचवले. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला संपादक कशाला, हा अहंकार! प्रती काढल्या हजार, कारण प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो. गणित बरोबर होतं; हे हजार वाचक कोण, एवढंच त्या गणितात नव्हतं. वर्षभराने एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं. म्हणाली, “सर, रागावू नका. पण वर्गात हेच तुम्ही वीस मिनिटांत सांगायचात.” दोनशे चाळीस पानं मित्रहो, आणि ती म्हणाली ते खरं होतं. तिला हस्तलिखित दाखवलं असतं तर हेच वाक्य मला छपाईआधी मिळालं असतं, तेही फुकट. पुस्तकाचे गठ्ठे आजही पलंगाखाली आहेत. केर काढताना रोज आठवण होते.

डेव्हिड ह्यूमचं उदाहरण इथे घ्यावंसं वाटतं. मानवी स्वभावावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १७३९ मध्ये आले. वय सत्तावीस. कोणी फारशी दखल घेतली नाही. मग त्याने काय केलं? १७४० मध्ये स्वतःच्याच ग्रंथाचा सारांश सांगणारी एक पुस्तिका निनावी छापली. म्हणजे थोर तत्त्वज्ञानेही स्वतःची जाहिरात केली, आणि तीही दुसऱ्याचा मुखवटा लावून! तरी फरक पडला नाही. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की आपण छापायची घाई केली आणि दोष आशयापेक्षा मांडणीत जास्त होता. १७४८ मध्ये त्यातला बराच विचार त्याने नव्याने, आटोपशीर लिहून काढला. आज विद्यार्थी बहुधा त्या छोट्या पुस्तकातूनच ह्यूमकडे जातात. जाहिरातीने जे झालं नाही, ते पुनर्लेखनाने झालं.

आता व्यवहार. पहिला खर्च संपादनावर करा, मुखपृष्ठावर नंतर. संपादक परवडत नसेल तर तीन वाचक शोधा: एक विषय जाणणारा, एक अजिबात न जाणणारा, आणि एक तुमची भीड न बाळगणारा. त्यांना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ असं उत्तर येतं. ‘कुठे कंटाळलात, त्या पानावर खूण करा’ असं सांगा.

आयएसबीएन विकत घेऊ नका. आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. करार सही करण्याआधी वाचा. हक्क कोणाकडे, किती काळ, आणि छपाईची अंतिम फाइल तुम्हाला मिळणार का, हे तीन प्रश्न विचाराच. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून मुद्रितं मांडणीनंतर पुन्हा तपासा, आधी तपासलेली असली तरी. पहिल्या खेपेला दोन-तीनशे प्रती पुरे. मागणी आली तर पुन्हा छापता येतं. आणि एक विसरलं जाणारं काम. तुम्ही प्रकाशक झालात की कायद्यानेही प्रकाशक झालात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. निदान तिथे तरी तुमचं पुस्तक टिकेल.

किंमत ठरवताना कागद-पेन्सिल घ्या. समजा किंमत ३०० रुपये आणि विक्रीचं कमिशन ४० टक्के. म्हणजे १२० गेले. उरलेल्या १८० मध्ये छपाई, टपाल आणि भेटप्रती बसवायच्या आहेत. बसत नसतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

राहिला प्रसार. आपल्याकडे प्रसार म्हणजे प्रकाशन समारंभ. शाल, श्रीफळ, पुस्तक न वाचलेला अध्यक्ष, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो. गुलाबाची फुलं भरपूर येतात, मागणी येत नाही. कारण आपण सगळ्यांना ओरडून सांगतो आणि विचारत कोणालाच नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले आणि ज्ञानकोशासाठी गावोगाव हिंडले. मंडळी स्थापन करून भागभांडवल उभं केलं, वर्गणीदार मिळवले. माणसाला गाठून त्याला सांगणं, हे तुझ्या उपयोगाचं आहे, मला साथ दे, ही त्यांची प्रसाराची रीत. त्यांचा प्रकल्प प्रचंड होता, आपलं पुस्तक लहान. रीत मात्र तीच चालते. छपाईआधी शंभर माणसांची यादी करा, ज्यांना या विषयाची खरोखर गरज आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात अर्धा तास बोला. मधमाशीपालनावर लिहिलं असेल तर साहित्य संमेलन राहू द्या, मधपेट्या ठेवणाऱ्यांकडे जा. अशी शंभर माणसं सापडली नाहीत, तर तोही एक नकारच आहे. तो ऐका.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. स्वतः प्रकाशक व्हायचं तर प्रकाशकाचे अधिकार मिळतात, तसं त्याचं अप्रिय कामही अंगावर येतं. स्वतःला नकार देणं माणसाला सहसा जमत नाही. मला जमलं नाही. म्हणून हस्तलिखित घेऊन अशा कोणाकडे जा, ज्याचं ‘नाही’ तुम्हाला लागेल. लागलं तर दोन दिवस जेवण गोड लागणार नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसा.

आता तुमचे प्रश्न.