शिकागोची कोशदालने आणि पेडण्याचा एक शब्द

पेडणे तालुक्यातील एका धर्मशिक्षकांनी मध्यंतरी आम्हांस एक अडचण कळविली. कोंकणीतून धर्मशिक्षण देताना त्यांनी मुलांना विचारले, ‘भावार्थ म्हणजे काय?’ मुलांनी तत्काळ वह्या काढल्या. मराठी शाळेत शिकणाऱ्या त्या मुलांना ‘कवितेचा भावार्थ लिहा’ हा प्रश्न पाठ होता. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत भावार्थ म्हणजे श्रद्धा, विश्वास, हे त्यांच्या कानांवर येत असूनही मनात उतरले नव्हते. धर्मशिक्षकांचा प्रश्न असा की, हा अर्थ मिशनऱ्यांनी शब्दावर लादला, की तो मराठीच्या पोटात पूर्वीपासून होता?

प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाही. पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर येथील लेखन-वाचनाचे नाते सावंतवाडीकडील मराठीशी जडलेले होते, आणि ते पुढेही तुटले नाही. घरी कोंकणी, शाळेत मराठी, देवळात कीर्तन आणि इगर्जीत कोंकणी प्रार्थना, अशा मुलखात श्रद्धेचा मूळ शब्दच जर दोन कानांनी दोन प्रकारे ऐकला जात असेल, तर त्याचा शोध घेणे हे उपासनेच्या कामाचाच भाग होय.

या शोधासाठी आम्ही शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ या संग्रहाचा आश्रय घेतला. तो कोणासही विनामूल्य उघडा आहे. त्यात कोश आहेत, नकाशे आहेत, जुनी छायाचित्रे आहेत, ‘इंपीरियल गॅझेटियर’ आहे, आकडेवारीची पुस्तके आहेत, ध्वनिमुद्रणेही आहेत. एवढ्या विविध वस्तू एका छपराखाली पाहून प्रथम डोळे दिपतात. आमचे म्हणणे असे की, नकाशे व गॅझेटियर आपल्या वाचकाने वरवर पाहून सोडावेत. ब्रिटिश कारभाराच्या सोयीसाठी रचलेल्या त्या ग्रंथांत पोर्तुगीज गोवा हा शेजारचा परका मुलूख म्हणून येतो. शिवाय शोध घेणाऱ्यास पेडणे हे ‘पेर्नेम’ आणि डिचोली हे ‘बिचोलिम’ किंवा ‘भतग्राम’ असे रोमन अक्षरांत टाइप करून पाहावे लागते. एका वर्णविन्यासाने काही सापडले नाही म्हणून परतू नये, एवढी सूचना पुरे.

खरे धन कोशांत आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती येथे शब्दशः शोधता येते, आणि इंग्रजी अर्थावरूनही मराठी शब्दाकडे जाता येते. अनुवाद करणाऱ्या धर्मगुरूंना ही सोय फार मोलाची वाटेल. दुसऱ्या टोकास शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश आहे. त्याची सामग्री यादवकालीन शिलालेखांची व आद्य ग्रंथांची, म्हणजे स्थूलमानाने १३५० पर्यंतची. आता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले ते १६१६ साली. तुळपुळ्यांच्या मर्यादेनंतर ते सुमारे पावणेतीनशे वर्षांनी येते, आणि मोल्सवर्थच्या आधी सुमारे अडीचशे वर्षांनी. ख्रिस्तपुराणाचा शब्द घेऊन येणारा वाचक या दोन कोशांच्या मध्यभागी नदीत उभा राहतो. दोन्ही तीर दिसतात, पण पाय कोठे टेकावा ते कळत नाही. मोल्सवर्थचा एकोणिसाव्या शतकातील अर्थ सरसकट स्टीफन्सच्या ओवीस लावण्याची चूक आम्ही स्वतः एकाहून अधिक वेळा केली आहे.

या नदीवरचा पूल त्याच संग्रहात आहे, आणि त्याकडेच वाचकांचे सर्वांत कमी लक्ष जाते. तो म्हणजे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, पुण्यात १९३२ पासून खंडशः निघालेला. या कोशकारांनी अर्थापुढे ग्रंथांतील आधार दिले. त्यांत ज्ञानेश्वरी आहे, एकनाथ आहेत, आणि ‘ख्रिपु’ असा एक त्रोटक संक्षेपही आहे. हा ‘ख्रिपु’ म्हणजेच ख्रिस्तपुराण. रायतूरच्या पाद्रीचा आधार पुण्याच्या कोशात संतांच्या पंक्तीस बसलेला पाहून कोणाही ख्रिस्ती वाचकास कृतार्थ वाटेल. परंतु मूळ ग्रंथात संक्षेपांची सूची निराळी छापलेली असते. पडद्यावर एकच नोंद उघडणाऱ्याच्या नजरेस ती सहजी पडत नाही, आणि ‘ख्रिपु’ हे अक्षरद्वय निरर्थक वाटून तो पुढे सरकतो.

येथे एक सावधगिरी. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवरून, आणि रोमन लिपीतच होती. रोमन लिपीत ट व त, ड व द, ळ व ल यांमधील भेद प्रत्येक ठिकाणी निःसंशय असेलच असे नाही. म्हणून ‘ख्रिपु’च्या आधाराने देवनागरीत दिलेला शब्द हा पुष्कळदा संपादकाचा तर्क समजावा. लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित आहे. गोव्यातही हस्तलिखिते आहेत. शब्दाविषयी वाद निर्माण झाल्यास निवाडा तेथे व्हावयाचा, कोशाच्या पडद्यावर नव्हे.

मग ‘भावार्थ’ कोणाचा? ‘भाव तेथे देव’ ही म्हण पेडण्याच्या कोणत्याही आजीस ठाऊक आहे. तेथे भाव म्हणजे श्रद्धाच. ज्ञानेश्वरीचे नाव ‘भावार्थदीपिका’, एकनाथांच्या रामायणाचे नाव ‘भावार्थ रामायण’. आणि स्टीफन्स गोव्यात उतरले ते १५७९ साली, एकनाथ निवर्तले ते १५९९ साली. दोघे वीस वर्षे एकाच भाषेच्या हवेत वावरले. त्या हवेत ‘भावार्थ’ या शब्दास तात्पर्य आणि भक्तिभाव असे दोन्ही पदर होते. पुढे शाळेच्या क्रमिक पुस्तकाने त्यांतला एक पदर उचलला, गोव्याच्या इगर्जीने दुसरा जपला. तेव्हा मिशनऱ्यांनी अर्थ लादला, असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही. मराठीने जे बाजूस ठेवले ते कोंकणी प्रार्थनेने सांभाळले, असेच म्हणावे लागते.

या संग्रहातील आणखी एका दालनाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या ध्वनिमुद्रिका तेथे ऐकावयास मिळतात. या पाहणीसाठी सर्व भाषांत जो एक नमुना म्हणून वापरला गेला तो लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. कारण श्रद्धेचे नव्हते. त्या कथेत तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ सापडतात, एवढेच. हिंदी श्रोत्यांच्या भावनांस धक्का पोचू नये म्हणून तीत किरकोळ शाब्दिक बदलही करण्यात आले. पुष्ट वासरू कापण्याचा प्रसंग कोठे अडणार हे सांगावयास नको. बापाने धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडावे, हे वाक्य व्याकरणासाठी म्हणून शेकडो बोलींत उच्चारले गेले. ज्यांनी ते उच्चारले त्यांपैकी किती जणांस कथा कोणाची हे ठाऊक होते, कोण जाणे. पाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात कोंकणी मराठीची बोली म्हणून घातली आहे. हे वर्गीकरण आज मान्य करता येत नाही, आणि गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीचे स्थान निश्चित झाले आहे. परंतु त्याच खंडात सावंतवाडीकडील कुडाळी बोलीची नोंद आहे. तेरेखोलच्या अलीकडे उपदेश करणाऱ्याने ती अवश्य वाचावी.

डिचोलीच्या वाचकांस मात्र या संग्रहात फारसे हाती लागणार नाही. दिवाडीचे मातेउश द काश्त्रु हे १६३७ साली रोममध्ये बिशप म्हणून अभिषिक्त झाले व आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्तोलिक म्हणून डिचोलीस राहिले. त्या वेळी डिचोली पोर्तुगीज हद्दीबाहेर होती, म्हणूनच गोव्याच्या सत्तेशी त्यांचे बिनसले तरी त्यांना तेथे पाय रोवता आले. ते रोममध्ये १६७७ साली वारले. त्यांच्या कार्याचे कागद प्रोपागांदा फीदेच्या दप्तरात शोधावे लागतात. पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेंकर यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. डिचोलीच्या अभ्यासकाने शिकागोपूर्वी ताळगावच्या पठारावर चढणे बरे.

आमचे उत्तर पेडण्यास पोचले. धर्मशिक्षकांनी मुलांना ‘भाव तेथे देव’ या म्हणीपासून शिकविण्यास आरंभ केला आहे, आणि उलट टपालाने आम्हांस पुढचा शब्द पाठविला आहे: ‘अंकुवारी’.