पाळकीणबाईंचा दिवस

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी लिहिताना आपले अभ्यासक एक वाक्य हमखास लिहितात : बालकवी ठोंबरे काही काळ नगरला 'टिळकांच्या सहवासात' राहिले. वाक्य खरे आहे. पण सहवासाला दोन वेळचे जेवण लागते, अंथरूण-पांघरूण लागते, रुसलेल्याची समजूत काढणारे कोणी लागते. हे सगळे पुरवणारी व्यक्ती त्या वाक्यात नाही. ती 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि तिथे ठोंबरे घरातल्याच एका पोरासारखे वावरतात.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत निघाले. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने, देवदत्ताने, पुरा केला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात टिळकांचा लहरी स्वभाव आणि लक्ष्मीबाईंचा विनोद या दोन गोष्टींचे कौतुक उदंड. विनोदाच्या या कौतुकाबद्दल माझी एक तक्रार आहे. हसण्याच्या भरात आपण कामाचा हिशेब सोडून देतो.

तो हिशेब असा. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होते. मिशनमध्ये पाळकाला पगार असे. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाईलाही थोडा का होईना, पगार असे. मुलींच्या शाळांसाठी अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फरार यांच्यासारख्या अविवाहित बाईंना हुद्दा होता. पाळकाच्या बायकोला यांतले काहीच नाही. ती पाळकाबरोबर आपोआप आली, असे धरून चालत. कामे मात्र तिन्हींची तिच्याकडे.

मग पाळकीणबाईंचा दिवस कसा जाई? गंमत अशी की सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक सलग दिवस 'स्मृतिचित्रे'त शोधायला गेले तर हाती लागत नाही. हाती लागतात ते तुकडे. टिळक न सांगता पाहुणा घेऊन येतात. हातातले पैसे कोणाला तरी देऊन मोकळे होतात. एकाएकी गावाला निघून जातात. घरात पोटची मुले आहेतच, शिवाय दुष्काळ-प्लेगच्या त्या वर्षांत आसऱ्याला आलेलीही आहेत. एक प्रसंग रंगात येतो न येतो तोच दुसरे कोणी दारात उभे. या तुटक मांडणीला समीक्षक 'गप्पांची शैली' म्हणतात. मला ते नाव अपुरे वाटते. एकही काम सलग करू न मिळालेल्या बाईच्या स्मरणाची ती घडण आहे. लिहिताना लक्ष्मीबाईंना उसंत होती, आठवणींना नव्हती.

त्यातही हे पुस्तक मुळात त्यांच्या स्वतःसाठी नव्हते. देवदत्ताला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे मागणी टिळकांच्या दिवसांची होती. बाईंनी त्यात मागच्या दाराने आपले दिवस आणले आणि चरित्राचे साधन आत्मचरित्र होऊन बसले.

आता स्वयंपाकघराकडे वळतो, कारण माझ्या मते पुस्तकाचे मर्म तिथे आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग नगरला आल्या, तरी त्यांनी आपले खाणेपिणे निराळेच ठेवले. त्या कडकडीत सोवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. जात माणसाने केलेली आहे हे त्यांना आधी पटले, तसे त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार-मांग समाजातली. टिळकांनी समतेवर लिहिले, उपदेश केला, अभंग रचले. त्यात खोट काही नाही. पण त्या समतेची परीक्षा रोज पाण्याच्या तांब्यापाशी आणि ताटापाशी होणार होती, आणि त्या परीक्षेला बसणारी ती होती. पाहुण्याला जेवायला वाढणे हा पाळकीणबाईंचा दिवसाचा साधा धंदा. लक्ष्मीबाईंच्या हातून तो होताना तीन पिढ्यांचे सोवळे मोडत होते. एरवी स्वतःवर हसणाऱ्या या बाई जातीच्या प्रश्नाशी आल्या की थांबतात आणि विचार मांडतात. विनोदाच्या चाहत्यांनी ती पाने पुन्हा वाचावीत.

इंग्रजी अनुवादांची नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० साली नाव दिले 'आय फॉलो आफ्टर'. मागोमाग जाणारी, असा त्याचा सूर. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाच्या उपशीर्षकात बाणेदार पत्नी आली. बाणा आला हे बरेच झाले. तरी दोन्हीकडे ओळख नवऱ्याच्या नात्यानेच. तिने चालवलेले काम दोन्ही नावांत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईंनी पुष्कळ अध्याय लिहून पूर्णत्वाकडे नेले. ते काही मागोमाग जाणे नव्हे.

पण टिळकांचे घर एक होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत किती पाळक होते, आणि त्यांच्या घरात चूल फुंकणाऱ्या, मंडळीतल्या बायकांना जमवणाऱ्या, पोरांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या त्यांच्या बायका होत्या. बहुतेक जणी महार-मांग घरांतल्या. त्यांच्या नवऱ्यांना कोणी महाकवी म्हटले नाही, म्हणून त्यांच्याकडे आठवणी मागायलाही कोणी गेले नाही. लक्ष्मीबाईंच्या पानांत अशा बायका येतात, पण बाजूने, घाईत, पुढच्या कामाला निघालेल्या.