एक ध्वनिमुद्रिका, दोन अर्थ : चरणजित सिंग यांच्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’चा विचार

एखादी कलाकृती काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा प्रकाशित होते, तेव्हा रसिकांपुढे येते ती तीच कृती असते, की तिच्या नावाने आलेली दुसरीच एखादी कृती? ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. हस्तलिखितांतील पाठभेद, संपादकाने केलेली निवड, प्रस्तावनेने घातलेली चौकट यांची चिकित्सा करण्याची रीत मराठी अभ्यासात चांगलीच रुजली आहे. ध्वनिमुद्रिकेला मात्र पाठभेद नसतात. तबकडीवर जो नाद एकदा कोरला गेला तोच पुन्हा ऐकू येतो, आणि म्हणून तिचे पुनःप्रकाशन ही निव्वळ व्यापारी घटना समजली जाते. ही समजूत अपुरी आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी निवडलेले उदाहरण मुंबईचे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत दीर्घकाळ काम केलेले वादक. 1982 साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची, त्या वेळी बाजारात नव्याने आलेली तीन यंत्रे एकत्र आणली : ज्युपिटर-8 हे पेटीवजा स्वरयंत्र, टीबी-303 हे खर्जातील स्वरावली फिरवीत राहणारे यंत्र आणि टीआर-808 हे तालयंत्र. त्यांवर दहा राग वाजवून तयार झालेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढली. तो काळ डिस्कोचा होता. 1980 च्या ‘कुर्बानी’पासून 1982 च्या ‘डिस्को डान्सर’पर्यंत चित्रपटांतून तोच ठेका घुमत होता. त्या गर्दीत ही तबकडी आली आणि फारशी कोणाच्या लक्षात न येता विस्मृतीत गेली. पुढे एडो बोमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि 2010 मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या त्याच्या संस्थेने ती पुन्हा काढली. या वेळी तिचा बोलबाला झाला. हे संगीत खरोखरच 1982 चे आहे काय, की कोणी केलेली चतुर बनावट आहे, अशीही शंका काहींनी घेतली.

प्रथम संगीताचा विचार करू. तालयंत्राची लय आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहते. विलंबितातून द्रुताकडे जाणारी वाढ येथे नाही, आणि समेवर येऊन विसावण्याचे सुखही नाही. खर्जातील यंत्र रागाचे स्वर घेऊन अखंड आवर्तने करते, आणि वरच्या अंगाने वादकाचा हात चाल मांडतो. क्रमात ललितानंतर भूप आणि भूपानंतर तोडी येतो, म्हणजे पहाटेनंतर रात्रीचा पहिला प्रहर आणि पुन्हा सकाळ. रागसमयाचे बंधन येथे मानलेले नाही, हे उघड आहे. (तबकडीवर भूपाला उत्तरेकडील रीतीने ‘भूपाली’ म्हटले आहे, मराठी कानाला ‘भूपाळी’ म्हणजे पहाटेचे जागवण्याचे गीत, ही गंमत निराळी.)

या दहांपैकी भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार औडव आहेत. माझ्या मते तबकडीचे यश याच जातीच्या रागांत अधिक आहे. ज्या रागाची ओळख स्वरांच्या निवडीनेच पुष्कळशी पटते, तो यंत्राच्या ठरीव स्वरस्थानांवरही तग धरतो. उलट तोडीचा अतिकोमल ऋषभ आणि ललितातील दोन मध्यमांचा लगाव पट्टीवर पुरता उतरत नाही. हा आक्षेप नवा नव्हे. पेटीवर तो घेतला गेला होता आणि त्यापायी 1940 साली आकाशवाणीवर पेटीला बंदीही झाली होती. तरीही मराठी रंगभूमीने पेटी सोडली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भूपाचे उदाहरण अधिक बोधक आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भेद आहे तो वादी स्वराचा आणि चलनाचा. एकात गांधाराला मान, दुसऱ्यात धैवताला. भाषेच्या परिभाषेत बोलायचे तर वर्णसंच एकच, पण वर्णांची योजना वेगळी. खर्जातील यंत्र स्वरांची केवळ यादी म्हणत असते. तिला भूप म्हणावे की देशकार, हे त्या आवर्तनावरून सांगता येणार नाही. राग ठरविण्याची सारी जबाबदारी वरच्या हातावर येते. सिंग यांचे कसब येथे दिसते. यंत्राला त्यांनी रागाचे वर्ण दिले आणि वाक्य मात्र स्वतःकडे ठेवले.

आता 2010 चा अर्थ पाहू. पुनःप्रकाशनानंतर या तबकडीचा परिचय सर्वत्र ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताची पूर्वज म्हणून होऊ लागला. त्या संगीताचा आरंभ शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाच्या 1987 मधील ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून मानतात, आणि तेथेही यंत्र तेच टीबी-303 होते. साम्य कानाला पटते. परंतु साम्यावरून नाते ठरविण्याची घाई भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने करू नये. दोन भाषांत सारखे रूप आढळले तर त्याची कारणे तीन संभवतात : समान वारसा, उसनवारी किंवा स्वतंत्रपणे झालेली समांतर घडण. शिकागोच्या मंडळींनी मुंबईची ही तबकडी ऐकली होती, याला आधार नाही. साधन एक असल्यामुळे दोन ठिकाणी सारखा नाद निघाला, एवढेच म्हणता येते. ‘पूर्वज’ या शब्दाने वंशावळ सूचित होते, आणि नेमकी तीच येथे नाही.

सोस्यूरने चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून निश्चित होते असे म्हटले. 1982 च्या व्यवस्थेत ही तबकडी एकीकडे चित्रपटातील डिस्कोहून आणि दुसरीकडे मैफलीतील रागाहून वेगळी होती. 2010 मध्ये तीच तबकडी युरोपातील नृत्यसंगीताच्या इतिहासात जाऊन बसली, आणि तिचे मूल्य ‘आधी कोणी केले’ या एकाच कसोटीवर ठरू लागले. नाद तोच राहिला, भोवतालचे भेद बदलले. यात राग हा मुख्य विषय मागे पडून केवळ परकीय रंग म्हणून उरला, हा तोटा लहान नव्हे.

महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांना या प्रक्रियेसाठी दूर जावयास नको. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत आणि गणपतीत वाजतो तो ‘बेंजो’. शब्द अमेरिकेतील तंतुवाद्याचा. वस्तू मात्र कळा दाबून वाजविण्याचे बुलबुलतरंग, ज्याचे नाते जपानच्या तैशोगोतो या वाद्याशी सांगतात. पुढे ध्वनिवर्धक जोडलेले ते वाद्य, त्याच्या सोबतीचे ढोल-ताशे आणि अखेर सबंध ताफा या सर्वांनाच ‘बेंजो’ हे नाव मिळाले. शब्दाचे मूळ शोधून या संगीताला अमेरिकेचे ठरविणे जितके हास्यास्पद, तितकेच सिंग यांच्या तबकडीला शिकागोच्या मापाने मोजणे अपुरे.

म्हणून पुनःप्रकाशन निषेधार्ह ठरते असे नाही. ते झाले नसते तर ही कृती चर्चेलाही उरली नसती. त्यामुळेच उतारवयात सिंग यांना युरोपच्या रंगमंचांवर हे संगीत वाजविता आले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, ते विस्मृत वादक म्हणून नव्हे. संग्राहकाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाडे छापले नसते तर शाहिरी वाङ्मयाचा आपला अभ्यासही कितीतरी दरिद्री राहिला असता. परंतु उमरठच्या तानाजीचा पोवाडा शाहिराच्या तोंडी लवचिक होता, तो छापताच एका रूपात स्थिर झाला. संग्राहक कृती वाचवितो त्याच क्षणी तिचे वाचनही ठरवून टाकतो. ही दोन्ही कार्ये वेगळी ओळखणे हे समीक्षकाचे काम आहे.

याचा व्यावहारिक निष्कर्ष आपल्याच दारात आहे. 1980 आणि 1990 च्या दशकांत ध्वनिफितींवर उतरलेली जाखडीची गाणी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब आणि भारुडे कोकणातील घरांत आजही पडून असणे संभवनीय आहे. चुंबकीय फीत कालांतराने निकामी होते, तेव्हा ती वाचविण्यास विलंब परवडणारा नाही. हे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. मात्र फितीवर पहिले नाव लिहावे ते गाणाऱ्यांनी स्वतः त्या गाण्याला दिलेले. कोणी, कोठे, कोणत्या निमित्ताने आणि कोणासाठी गायले, त्याची नोंद त्याखाली यावी. आपले वर्गीकरण, तुलना आणि ‘हे अमक्याच्या आधीचे’ यांसारखे दावे सर्वांत शेवटी, वेगळ्या पानावर असावेत. सिंग यांच्या तबकडीच्या शीर्षकात राग आधी आणि डिस्को नंतर आहे. निदान तो क्रम तरी तिच्या वाचकांनी पाळावयास हवा होता.