पिलाटेस-पद्धती आणि श्रमिकाचे शरीर : सूरजागडच्या संदर्भात

जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) ह्यांनी विल्यम जॉन मिलर ह्यांच्या सहकार्याने लिहिलेले ‘रिटर्न टू लाइफ थ्रू काँट्रॉलॉजी’ हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. आरंभी थोडे तात्त्विक विवेचन व त्यानंतर छायाचित्रांसह चौतीस व्यायाम, असे त्याचे स्वरूप आहे. दुखापतीनंतरच्या उपचारात भौतिकोपचारतज्ज्ञ, अर्थात फिजिओथेरपिस्ट, आज ज्या पद्धतीचा अवलंब करतात, तिचा हा एक मूलग्रंथ होय. परंतु त्याचे वाचन बहुधा व्यायामांच्या कृतीपुरतेच होते; त्यामागील गृहीत तपासले जात नाही. ते तपासण्यास महानगरातील व्यायामशाळेपेक्षा गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडसारखा परिसर अधिक उपयोगी पडतो.

ग्रंथाचे गृहीत असे की, आधुनिक नागर जीवनाने मनुष्याची स्वाभाविक हालचाल हिरावून घेतली आहे आणि नियंत्रित व्यायामाने ती त्याला परत मिळवून देता येते. लेखकाचे चरित्र पाहता ह्या गृहीताची उपपत्ती लागते. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पिलाटेस ह्यांना आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यात आले होते. पुढे १९२० नंतरच्या दशकात ते न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. छावणीतील कोंडलेले आणि महानगरातील बैठे शरीर ही दोन्ही त्यांनी जवळून पाहिली होती. न्यूनता हालचालीची आहे, हे निदान त्या दोन्ही ठिकाणी यथार्थच होते.

सूरजागडात हे निदान उलटे होते. एटापल्ली तालुक्यातील ह्या डोंगराळ भागात माडिया गोंड कुटुंबांचे वर्ष शारीरिक श्रमांनीच आखलेले असते. उन्हाळ्याच्या तोंडी तासन्‌तास वाकून मोहफुले वेचायची, मे महिन्यात पहाटेपासून तेंदूपाने तोडून घरी त्यांचे पुडे बांधायचे, पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करायची, शिवाय सरपण व पाणी वाहून आणायचे, असा हा क्रम आहे. २०१६ साली येथे लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले, आणि मध्यंतरीच्या खंडानंतर २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर चालू लागले. त्याबरोबर अवजड वाहन चालविण्याचा नवा श्रम आला. अशा वाहनाच्या कंपनांचा आणि कंबरदुखीचा संबंध व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासात प्रस्थापित झालेला आहे. ह्या शरीरांत हालचालीची उणीव नाही. एकाच हालचालीची पुनरावृत्ती, भार आणि विश्रांतीचा अभाव ही त्यांच्या दुखण्याची कारणे आहेत. ‘जीवनाकडे परत’ जाण्याचे आवाहन त्यांना लागू पडत नाही. कारण त्यांचे जीवनच त्यांना थकवीत असते.

तर मग ही पद्धती येथे निरुपयोगी म्हणावी काय? तसे म्हणणे घाईचे होईल. पिलाटेस ह्यांचा ग्रंथ आणि त्यांची कार्यशाळा ह्यांत एक महत्त्वाचे अंतर आहे. ग्रंथातील अनुक्रम सर्वांना एकच आहे. कार्यशाळेत मात्र अतिश्रमाने जायबंदी झालेले नर्तक येत, आणि त्यांच्यासाठी स्प्रिंगांच्या साधनांवर भार कमीजास्त करून व्यायाम बसविला जाई. भौतिकोपचारतज्ज्ञ वस्तुतः ग्रंथाचा नव्हे, ह्या कार्यशाळेचा वारसा चालवितो. ग्रंथाच्या आरंभीच पाय डोक्यावरून मागे नेण्याचा व्यायाम येतो; हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेला किंवा मणक्यातील चकती सरकलेल्या चालकाला तो अपायकारक ठरू शकतो. पाठ चटईला सपाट टेकविण्याचा ग्रंथातील आग्रहही आज तसाच स्वीकारला जात नाही. कण्याचा नैसर्गिक बाक राखण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. कोणता व्यायाम वगळावा आणि भार केव्हा वाढवावा, हा विवेक पुस्तकातून मिळत नाही. तो रोग्याला तपासणाऱ्यापाशीच असतो.

पद्धतीच्या फलश्रुतीविषयीही तारतम्य ठेवले पाहिजे. कंबरदुखीवरील पिलाटेस-उपचाराचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १० चाचण्या व ५१० रुग्ण समाविष्ट होते. नाममात्र उपचारापेक्षा ह्या पद्धतीने वेदना कमी होतात, परंतु अन्य व्यायामप्रकारांहून ती सरस असल्याचा निर्णायक पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सूरजागडच्या दृष्टीने हा निष्कर्ष आशादायकच म्हटला पाहिजे. गुण महागड्या साधनांत नसून मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामात असेल, तर तो घराच्या अंगणात, चटईवरही साधता येईल.

येथे काळाचा प्रश्न उपस्थित होतो. आठवड्यातून चार वेळा याप्रमाणे तीन महिने व्यायाम करावा, अशी ग्रंथाची अपेक्षा आहे. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. त्यात विश्रांतीचा सल्ला देणे म्हणजे वर्षाच्या रोख उत्पन्नावर पाणी सोडण्यास सांगणे होय. धानाची कापणी-मळणी आटोपल्यानंतर आणि मोह गळू लागण्यापूर्वी जो थोडा अवकाश मिळतो, तोच ह्या उपचाराचा खरा काळ. स्थानिक श्रमांचे पंचांग ज्याला ठाऊक नाही, त्याचा सल्ला शास्त्रशुद्ध असूनही व्यर्थ जाईल.

प्रतिबंधाच्या संदर्भात तर अधिक गंभीर आक्षेप संभवतो. व्यायाम हाच दुखापतीवरील उपाय ठरला की दुखापतीचा दोष नकळत श्रमिकाच्या शरीराकडे जातो. वाहनाचे आसन, पाळीचा कालावधी आणि डोक्यावरचे ओझे ह्यांची चौकशी मागे पडते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा शिफारसीत नमूद केली, आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे सांगितले. रानातून भारा आणणाऱ्या स्त्रीचे ओझे कोण मोजतो? कंबर बळकट करणे हा ओझे हलके करण्याला पर्याय होऊ शकत नाही. ती त्याची जोड होऊ शकते.

सारांश, पिलाटेस ह्यांचा ग्रंथ सार्वत्रिक आरोग्यशास्त्र म्हणून उणा पडतो. बैठ्या समाजाचे निदान त्याने मनुष्यमात्राचे निदान मानले, हा त्याचा मूलभूत दोष होय. तथापि श्वास, अवधान आणि नियंत्रण ह्यांवरील त्याचा भर मोलाचा आहे. आणि जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाती तो सूरजागडातही फलदायी ठरू शकेल. मात्र त्या तज्ज्ञाने रोग्याचा कणा तपासण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारला पाहिजे : काम कोणते, आणि ते किती वेळ?