टिकणारे जग आणि संपणारा आशय

'आशय' हा मराठी समीक्षेला चिरपरिचित असलेला शब्द आहे. आशय आणि रूप यांना परस्परांपासून वेगळे काढता येते का, या प्रश्नाभोवती मर्ढेकरांपासून पुढे बराच सौंदर्यविचार झालेला आहे. संगणकीय खेळांच्या व्यवसायात मात्र त्याच्या पर्यायाला, म्हणजे 'कंटेंट' या शब्दाला, निराळाच अर्थ प्राप्त झाला आहे. तेथे आशय मोजला जातो : प्रदेश किती, राक्षस किती, मोहिमा किती आणि त्या पुऱ्या करण्यास तास किती. महाजालावरील बहुखेळाडू भूमिकाखेळात हजारो माणसे एकाच वेळी निरनिराळ्या भूमिका घेऊन एका कल्पित जगात वावरतात. हा मोजलेला आशय तेथे नेहमीच अपुरा ठरतो, कारण निर्मात्यांनी महिनोन्महिने खपून रचलेला भाग खेळाडू काही दिवसांत संपवतात. मग असे जग टिकते ते नेमके कशामुळे, हा केवळ धंद्याचा प्रश्न राहत नाही. तो संहिता आणि ग्राहक यांच्या संबंधाचा, म्हणजेच समीक्षेचा प्रश्न होतो.

या प्रकाराचा आरंभ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या, केवळ शब्दांनी चालणाऱ्या 'मड' या खेळात सापडतो. बार्टल यांनी पुढे १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळवू पाहणारे, जगाचा शोध घेणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. या वर्गीकरणाचे महत्त्व असे की, चारांपैकी दोन प्रकारांचे समाधान निर्मात्याने रचलेल्या वस्तूंवर नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूंच्या उपस्थितीवर अवलंबून असते. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये निर्मात्यांनी प्राणी, भक्ष्य आणि भक्षक यांची एक निसर्गसाखळी योजिली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की ती साखळी उभीच राहू शकली नाही. निर्मात्याने लिहिलेली संहिता आणि खेळाडूंनी घडवलेली संहिता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेथे प्रथम ठळकपणे दिसले.

नावीन्याचा अखंड पुरवठा हे यावरचे रूढ उत्तर. परंतु २००४ साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती २०१९ मध्ये पुन्हा खुली करण्यात आली, तेव्हा खेळाडू मोठ्या संख्येने ओळखीच्याच मोहिमांकडे परतले. यात स्मरणरंजनाचा वाटा आहेच; तरीही पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा, हे समीकरण येथे कोलमडते. ज्याला पुन्हा पुन्हा यावेसे वाटते ते नवे असलेच पाहिजे असे नाही.

पुनरावृत्तीचा हा प्रश्न मराठी प्रदेशातील दोन उदाहरणांनी अधिक स्पष्ट होतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. भावाच्या शोधात निघालेली राजी महाबलासुराशी झुंजते. हा एकट्याने खेळण्याचा खेळ असल्यामुळे कथा संपली की ते जगही मिटते, आणि एकसंध कलाकृती म्हणून ते योग्यच आहे. दुसरे उदाहरण नाशिकचे. द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि पुणे या मार्गांची वर्दळ मिळते. त्या वर्दळीपासून दूर, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या मोखाडा-जव्हार परिसरात, होळीनंतरच्या काळात बोहाडा भरतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगे मशालींच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर नाचत येतात. देवी आणि महिषासुर यांचे युद्ध हा त्याचा परमोच्च क्षण. हा असुर दरवर्षी मरतो आणि दरवर्षी परत येतो.

भूमिकाखेळातील असुरही ठरावीक काळाने पुन्हा उभा राहतो. मात्र तेथे त्याला मारायचे ते त्याच्याजवळची शस्त्रे आणि संपत्ती मिळवण्यासाठी. हवे ते हाती आले की त्या असुराला अर्थ उरत नाही. बोहाड्यात असुराच्या मुखवट्यामागे गावातलाच माणूस असतो. अनेक ठिकाणी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे चालत आलेले असते. देवीच्या सोंगाइतकाच असुराच्या सोंगालाही मान असतो. सोंग उतरवल्यावर दोघेही सकाळी त्याच वाटेने शेतावर जातात. येथे आशय तोच राहतो. बदलते ते वय, अंग, पाहणारे आणि करणारे. एखादे सोंग न आले तर त्याची उणीव साऱ्या गावाला जाणवते. टिकाऊपणाचे मूळ या परस्परावलंबनात आहे.

अर्थात, या तुलनेला मर्यादा आहे. गावाचे बंधन जन्माने येते, आणि वारशाने मिळालेल्या भूमिकेत निवडीला फारसा वाव नसतो. महाजालावरील खेळात कोणीही कोणतीही भूमिका घेऊ शकतो, आणि केव्हाही निघून जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. परंतु जेथून केव्हाही जाता येते तेथे बांधिलकी कशी निर्माण व्हावी? आइसलँडमधील 'सीसीपी'च्या, २००३ पासून चालू असलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'ने याचे एक उत्तर दिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये तेथे एका प्रदेशाच्या ताब्यासाठीचा हप्ता चुकला आणि त्यातून खेळाडूंच्या संघांमध्ये प्रचंड युद्ध पेटले. त्याची पटकथा निर्मात्यांनी लिहिलेली नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की, नष्ट झालेल्या महानौकांचे अवशेष त्या जागी कायमचे स्मारक म्हणून ठेवले. खेळाडूंच्या कृतीला परिणाम असावा, परिणामाची खूण राहावी, आणि एकाचे काम दुसऱ्यावाचून अडावे, ही रचनेची तीन तत्त्वे यातून हाती लागतात.

महाभारताच्या मौसलपर्वात यादव आपसात लढून संपतात, उरलेल्यांना घेऊन अर्जुन बाहेर पडतो आणि मग समुद्र द्वारकेला गिळतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे : आधी माणसे जातात, मग नगरी बुडते. २०११ साली बंद झालेल्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'सारख्या खेळांचा विचार करताना केवळ तटबंदीची उंची मोजणारी समीक्षा अपुरी ठरेल. त्या तटाच्या आत कोणाचे कोणावाचून अडत होते, हे तिने आधी विचारले पाहिजे.